भाकरीचा आवाज

आईचे रिपोर्ट आले. डायबेटीसच्या हद्दीवर रेंगाळणारी तीन महिन्यांची सरासरी साखर 5.6 टक्क्यांवर उतरलेली, बीपी 126/80, हिमोग्लोबिनही ठीक. एकाही आकड्याखाली लाल रेघ नाही. मी खुशीत फाइल मिटली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला आणि मन खट्टू झालं.

आईची भाकरी आधी ऐकायची असते. थप थप थप, मध्येच बांगड्या किणकिणतात, परात जराशी फिरते, पुन्हा थप थप. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही त्या आवाजावरून ओळखायचो, आज सहलीचे पैसे मागावेत की उद्या. गेला महिनाभर मात्र एक थाप, मग थांबणं, मग दुसरी थाप, असं चाललं होतं. आणि कडक भाकरी तर तिनं बंदच केली होती. "मिळतीय की विकत," म्हणाली. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य म्हणजे लक्षणच, पण लॅबच्या कागदावर त्याला रकाना नाही.

मी आपला शहाणा. पावलं मोजणारं घड्याळ आणून तिच्या मनगटात बांधलं आणि रोज दहा हजारांचं फर्मान काढलं. सिद्धेश्वर तलावाकडं चार दिवस फेऱ्या झाल्या. पाचव्या दिवशी घड्याळात एकदम चौदा हजार! चौकशी केली तर ते दिवसभर नातवाच्या हातात होतं. पुढं वाचनात आलं, की हा दहा हजारांचा आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला. त्यामागं कुठलं ठोस संशोधन नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग त्या दुकानदाराचा हिशोब माझ्या गुडघ्यांनी का फेडायचा रे?"

खरी गोष्ट अशी, की शेजारच्या अक्का दिवाळीनंतर लेकीकडं हैदराबादला गेल्या होत्या. तीस वर्षांचा शेजार. त्यांची तेलुगू, आमची मराठी, आणि दोघींनी मिळून तयार केलेली तिसरीच एक भाषा, जी घरात बाकी कुणाला धड कळत नाही. दुपारी दोघी उखळ घेऊन बसायच्या. अक्का शेंगदाणे खमंग भाजणार, आई लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून कुटणार. तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागला की हात थांबायचे, तोंडं नाही. मिक्सरमध्ये नुसता कूट होतो, चटणी होत नाही, यावर दोघींचं एकमत. (माझंही. पण मला कुणी विचारत नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत, जी 1948 पासून लागू आहे, आरोग्य म्हणजे नुसता रोग नसणं नव्हे, असं स्वच्छ लिहिलंय. शरीर आणि मन यांच्याबरोबर सामाजिक स्वास्थ्यही त्यात धरलंय. आयुर्वेदातल्या सुश्रुतानंही दोष, अग्नी, धातू सगळं सांगून झाल्यावर आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असायला हवं, अशी अट घातलीच. लॅबवाल्याचा काय दोष? त्याच्या नळीत रक्त मावतं, अक्का कशा मावणार?

संक्रांतीला अक्का आल्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आणि तिथं मिरवणाऱ्या उंच नंदीध्वजांच्या दर्शनाला त्या कुठूनही येतात. यात्रेतल्या लग्नाचा अक्षता सोहळा झाला, आणि दुपारी उखळ बाहेर निघालं. त्या रात्री आईनं तुपासोबत तीन शेंगापोळ्या हाणल्या. मी डोळे वटारले, तिनं बघितलंच नाही.

सकाळी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी साखर 119, म्हणजे जरा चढलेलीच. आकडा खोटा बोलत नाही, म्हणून वहीत तारीख घालून लिहिला. आत परात फिरत होती. थप थप थप, मध्ये श्वासाचीसुद्धा फट नाही.

"काय करलालीस गं? एवढ्या पातळ कुणाला?" अक्कांचा आवाज.

"तुलाच. कडक करून देते. हैदराबादपर्यंत टिकतील."