पैठणचा एकचौकी वाडा: आत गेलात की आधी छत बघा

पैठणला येणारे बहुतेक जण नाथांचं दर्शन घेतात, नाथसागर बघतात, पैठणी घेतात आणि परततात. आम्ही गेलो ते गोदाकाठच्या जुन्या गल्लीतलं एक राहतं घर बघायला. घरचे लोक ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं सांगतात. १७२८ साली जवळच मुंगी-शेवगावला बाजीराव आणि निजामाचा तह झाला, साधारण त्या काळातलं. बेताच्या ऐपतीच्या कुटुंबाचं घर: एक चौक, भोवती ओसरी, मागे माजघर आणि देवघर. दाराला भिंतीत सरकणारा लाकडी अडसर अजून शाबूत आहे.

कोरीवकाम जवळजवळ नाहीच. पण छत! दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर सर म्हणजे त्याहून बारीक आडवी लाकडं, त्यावर किलचांचा म्हणजे लाकडाच्या लहान फळकुटांचा दाट थर आणि सगळ्यात वर फूटभराहून जास्त पांढरी माती. हे आपल्याकडचं माळवद. पाऊस बेताचा, ऊन मात्र भाजून काढणारं, म्हणून उतरत्या कौलांपेक्षा इथे जाड मातीचं सपाट छत जास्त कामाचं. भर दुपारी माजघरात पाऊल टाकलं आणि अंगाला गारवा जाणवला. छतातल्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून, उजेडाचा झोत थेट जमिनीवर येत होता. खिडकी एकही नसूनही अंधार वाटला नाही.

दर वर्षी मृगाआधी माळवदावर नवी माती पसरून चोपावी लागते. ते चुकलं की पाणी झिरपतं आणि तुळयांची टोकं कुजतात. शिवाय १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड छतं कोसळून हजारो माणसं गेली. माळवदाची भीती लोकांच्या मनात बसली ती तेव्हापासून. ती भीती खरी आहे. पण म्हणून जुनं घर सरसकट पाडणं मला पटत नाही. आधी जाणकाराकडून खांब आणि तुळया तपासून घ्याव्यात.

जाणाऱ्यांसाठी: छत्रपती संभाजीनगरहून एसटीने पन्नासेक किलोमीटर. नाथषष्ठीच्या यात्रेत जाऊ नका, गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. शक्यतो दुपारी बाराच्या सुमारास आत असा, साण्याचा उजेड तेव्हाच कळतो. बळद (धान्य साठवायची जागा) आणि कोनाडे बघायला बॅटरी ठेवा. घरं राहती आहेत. ओट्यावरून हाक मारा, आजी-आजोबांना विचारा, चपला बाहेर काढा, देवघराचे फोटो परवानगीशिवाय नकोत. आणि घरच्यांनी आग्रह केला तरी माळवदावर चार-पाच जणांनी एकदम चढू नका.