अण्णा आणि कोल्ट्रेनची शेवटची सात मिनिटं

आमचे अण्णा पंचवटीतल्या एका बँडमध्ये बत्तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवायचे. लग्नसराईत रात्री दोनला घरी आले तरी आधी सॅक्सोफोनची रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, काढून, पुसून डबीत ठेवायचे आणि मगच ताटावर बसायचे. नव्या पोरांना त्यांचं एकच सांगणं असे: "गाण्याचे शब्द तोंडात धर, मग फुंक. नुसते सूर काढलेस तर गाणं कुठलं ते वरातीला कळायचं नाही."

मागच्या श्रावणात पाऊस धरून बसला होता. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं, अण्णांचं घाटावरचं फिरणं बंद होतं. तेव्हा मी त्यांना अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' ऐकवला. ९ डिसेंबर १९६४ला न्यू जर्सीतल्या रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत वाजवलेला, जेमतेम ३३ मिनिटांचा अल्बम.

पहिल्या भागात जिमी गॅरिसन बासवर चार सुरांची ओळ धरतो. कोल्ट्रेन तीच ओळ उचलतो, एकेक पट्टी बदलत बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो आणि मग तिच्यावर अल्बमच्या नावाचे शब्द तोंडाने म्हणू लागतो, पुन्हा पुन्हा. अण्णा म्हणाले, "नाम लागलंय याला."

'डाउनबीट' या अमेरिकन जॅझ मासिकात १९६१ साली जॉन टायनन या समीक्षकाने कोल्ट्रेन आणि त्याचा साथीदार एरिक डॉल्फी यांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवलं होतं. १९६५मध्ये त्याच मासिकाने या अल्बमला पाचपैकी पाच तारे दिले, वाचकांनीही तो वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला. कौतुक मनापासूनचं होतं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती चौथ्या, शेवटच्या भागाची गोष्ट, आणि ती नीट उलगडायला पुढची वीसेक वर्षं जावी लागली. कोल्ट्रेनने वेष्टनावर स्वतःची एक प्रार्थना छापली होती. चौथा भाग म्हणजे तिचंच वाद्यावरचं कथन, हेही त्यानेच तिथे लिहिलं होतं. पुढे लुईस पोर्टर या अभ्यासकाने शब्द आणि सूर अक्षराला अक्षर जुळवून दाखवले.

अण्णांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. चौथा भाग सुरू झाला, एल्व्हिन जोन्सचे ड्रम्स लांबच्या गडगडाटासारखे मागे राहिले. दोन मिनिटांत अण्णा ताठ बसले. "हा वाजवत नाहीये गं, म्हणतोय. शब्द काय आहेत?"

मी प्रार्थना काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावून ओळींवर बोट ठेवत सॅक्सोफोनबरोबर वाचत गेले. देवाचे आभार मानणारी ओळ त्यात धृपदासारखी परत परत येते आणि तिथे सॅक्सोफोन खाली उतरून षड्जावर टेकतो. अण्णांना इंग्रजी येत नाही. पण ती ओळ आली की माझ्याआधी त्यांचा हात मांडीवर पडायचा.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा म्हणाले, "आता तू वाचू नकोस."