रेंजफाइंडर जुळवणी, नोंद ३ : अकरा सेंटीमीटरचा घोळ

कॅमेरा आधीच्या नोंदींतलाच. रेंजफाइंडर म्हणजे दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर बसवून अंतर ठरवणारी यंत्रणा. तिचा बेस, म्हणजे त्या खिडक्यांमधलं अंतर, ४० मिमी, व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन ०.६, म्हणजे कामाचा बेस जेमतेम २४ मिमी. लेन्स ५० मिमी, छिद्र जास्तीत जास्त एफ/२.

पद्धत बदलली. आधी लक्ष्य स्थिर ठेवून लेन्सच्या स्केलवरचा आकडा अंदाजाने वाचत होतो. आता लेन्स बरोबर १ मीटरच्या खुणेवर ठेवायची, पांढऱ्या पुठ्ठ्यावरची काळी उभी रेघ दोन्ही प्रतिमा एक होईपर्यंत पुढे-मागे सरकवायची आणि मग अंतर मोजायचं. मग २ मीटरवर तेच. प्रत्येकी दहा वेळा, दर वेळी डोळा काढून पुन्हा लावून. कंटाळवाणं आहे, पण दहा वाचनांशिवाय काहीच कळत नाही.

निकाल पाहून बुचकळ्यात पडलो. दोन्ही ठिकाणी लेझर मीटर सरासरी ११ सेंमी जास्त दाखवत होता. रेंजफाइंडरमधला आरसा जरासा फिरलेला असता तर चूक अंतराच्या वर्गाने वाढली असती. १ मीटरला ११ सेंमी, तर २ मीटरला चाळीसच्या वर. दोन्हीकडे सारखीच चूक म्हणजे मोजणीची सुरुवातच चुकलेली. मीटर मागच्या कडेपासून मोजत होता आणि मी फिल्म प्लेनच्या (कॅमेऱ्यात फिल्म असते ती पातळी, अंतर तिथून धरतात) खुणेला लावली होती पुढची कड! मीटरची लांबी अकरा सेंमी. जुळवणीचा स्क्रू फिरवायला घेतला नव्हता, हे नशीब.

वाचनांचा विखुरलेपणा मात्र खरा आहे: १ मीटरला साधारण १ सेंमी, २ मीटरला ४. हा माझ्या डोळ्याचा, आणि तो वर्गाच्या हिशोबातच बसतो.

फिल्म प्लेनबद्दल एक गोष्ट. बरेच जण व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेपासून मोजतात. ती इथे ३ सेंमी पुढे आहे. १ मीटरला एफ/२ वर शार्पनेसची मुभा दोन्ही बाजूंना अडीच सेंमीही नाही, तेव्हा तेवढ्यानेच फोटो जातो. ५ मीटरला कुणाला पत्ताही लागणार नाही.

इन्फिनिटीसाठी (अनंत अंतरासाठी) भिंतीवर बेसइतक्याच, ४० मिमी अंतराच्या दोन उभ्या रेघा लावल्या, रेंजफाइंडरच्या एका खिडकीतली डावी आणि दुसरीतली उजवी एकमेकींवर बसवायची. प्रिंटरने पान 'फिट' करताना अंतर ३८.५ केलं होतं. पट्टी लावली म्हणून सापडलं. २ मीटरवरून तेवढी चूक म्हणजे इन्फिनिटीऐवजी ५३ मीटर. ऐकायला भयंकर, पण या लेन्सला दोन्हींत फरक दिसत नाही. तरी कागद बदलला आणि भिंतीपासून ५ मीटर मागे गेलो, तिथून मिलिमीटरभर चुकलं तरी २०० मीटर मिळतात. कॅमेरा थोडा तिरका असला तरी बिघडत नाही: १० अंशांना ४० चे ३९.४ होतात.

पडद्याच्या उभ्या पट्ट्यांवर मात्र जुळवू नका. शेजारची पट्टी जुळते आणि आपण खूश होतो.

प्रतिमा वर-खाली किंचित सरकलेली आहे, तिला अजून हात लावलेला नाही. आधी फिल्म गेटवर (फिल्म उघडी पडते त्या चौकटीवर) ग्राउंड ग्लास, म्हणजे दुधी काच, ठेवून लूपने (भिंगाने) लेन्सची १ मीटरची खूण तपासतो. ती खोटी निघाली तर वरचं सगळं पुन्हा.