पाच मिनिटांचा राग

लहान मुलांना राग कशाकशाचा येतो याची यादी करायला कुणी बसलं, तर यादी संपायच्या आत मूल मोठं होईल. निळा पेला हवा होता, हिरवा आला. निळा आणून दिला, तर आता हिरवाच हवा. मोज्याची शिवण नेमकी अंगठ्यावर आली. सावली मागे मागे येते, थांब म्हटलं तरी थांबत नाही. दार भावाने लावलं. दार कुणी लावलंच नाही. ही कारणं ऐकली की मोठ्यांना हसू येतं, आणि ते हसू दिसलं की यादीत आणखी एका कारणाची भर पडते.

माझी नात सव्वातीन वर्षांची आहे. लेक-जावई दिवसभर कामावर आणि मी निवृत्त, त्यामुळे या विषयाच्या अभ्यासाला सवड भरपूर आणि सामग्री घरचीच.

तिच्या सगळ्या रागांत मला उद्बोधक वाटला तो लिफ्टचा. लिफ्टचं बटण तिनेच दाबायचं असा आमच्यात करार आहे. एकदा एक शेजारी आमच्या पुढे उभे होते. भला माणूस. त्यांनी सहज हात पुढे केला आणि बटण दाबलं. बटणाभोवती लाल दिवा लागला. नात क्षणभर त्या दिव्याकडे नुसती बघत राहिली. मग खालचा ओठ पुढे आला, मुठी वळल्या, आणि तिने तिथेच फतकल मारून असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं. शेजारी बिचारे ओशाळले. "दाब ना बेटा, तू पण दाब," म्हणाले. तिने दाबलं. पण लागलेला दिवा पुन्हा कसा लागणार? आवाज दुप्पट झाला.

बटण दाबायला मिळणं हा तिचा प्रश्न राहिलाच नव्हता. त्यांनी दाबलेलं बटण न दाबलेलं करून हवं होतं. घडून गेलेली गोष्ट मागे घ्या, एवढी साधी मागणी, आणि ती पुरी करण्याची ताकद कुठल्याही आजोबात नाही. मोठ्यांचेही निम्मे राग याच जातीचे असतात म्हणा. आपण फक्त फतकल मारत नाही.

चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या. मुलगा पस्तिशी ओलांडून गेल्यावर, १८७७ साली, त्याने त्या 'माइंड' या नियतकालिकात छापल्या. त्यात रागावर एक छान तुकडा आहे. बाळ सात महिन्यांचं असताना त्याच्या हातून लिंबू निसटलं, ते परत पकडता येईना, आणि बाळ संतापून किंचाळलं. अकरा महिन्यांचा झाल्यावर नको ते खेळणं पुढे केलं तर ते ढकलून द्यायचा आणि वर त्यालाच मारायचा. सव्वादोन वर्षांचा होईतो तर ज्याने दुखावलं त्याच्या अंगावर पुस्तकं आणि काठ्या फेकण्यात तो तरबेज झाला होता. हे कसब आपल्या इतर काही मुलग्यांतही दिसलं, मुलींत मात्र त्याचा मागमूस नव्हता, असंही डार्विन लिहितो. माझ्या नातीची गाठ पडली असती तर ही ओळ त्याने खोडली असती.

ते लिंबू मला फार महत्त्वाचं वाटतं. सात महिन्यांच्या बाळावर कुणी अजून वाईट संस्कार केलेले नसतात, लाडावून ठेवायलाही पुरेसा वेळ मिळालेला नसतो. काय हवं ते कळू लागलंय आणि हात अजून साथ देत नाहीत, एवढंच. पुढे लिंबाच्या जागी बुटाचा पट्टा येतो, ठोकळ्यांचा मनोरा येतो, सांगायची असलेली पण शब्दांत मावत नसलेली गोष्ट येते. मूल चिडलं की "आईबापांनी शेफारून ठेवलंय" म्हणणारा एक तरी पाहुणा असतोच. त्याला हे लिंबू द्यावं.

आता या रागाच्या लांबीविषयी. नातीचा थयथयाट चालू असला की अर्धा तास उलटला असं मला वाटतं. घड्याळात पाहिलं तर मिनिटकाटा जेमतेम हललेला असतो. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३१ मध्ये मुलांच्या रागावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४५ मुलांच्या आयांना वह्या देऊन रागाचा प्रत्येक उद्रेक लिहून ठेवायला सांगितलं, आणि १,८७८ उद्रेक जमा झाले. कडेवर मूल आणि हातात पेन्सिल घेतलेल्या त्या बायकांना माझा नमस्कार. बहुतेक उद्रेक पाच मिनिटांच्या आत आटोपत होते. जेवणाच्या आधी, झोपेच्या सुमाराला आणि सर्दीपडसं झालेलं असताना त्यांचं पीक जास्त. हे कुठलीही आजी फुकट सांगेल, पण वहीत उतरलं की त्याला वजन येतं. मी आता नातीचा चेहरा फिरला की आधी घड्याळ बघतो. जेवण लांबलं असेल तर मानसशास्त्र बाजूला ठेवून ताट वाढतो.

२००३ मध्ये मायकल पॉटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या थयथयाटांची आईवडिलांनी लिहिलेली वर्णनं तपासली. तीन चतुर्थांश थयथयाट पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेले. मला त्याहून रस वाटला तो आतल्या रचनेत. किंचाळणं, लाथा, आदळआपट हा सगळा राग सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि उतरत जातो. कुरकुर, रडणं, जवळ येऊ पाहणं हे दुःख मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत असतं. म्हणजे आपल्याला आधी राग आणि मग रडू असं जे दिसतं, त्यातलं रडू तिथे सुरुवातीपासूनच असतं. वरचा गोंगाट कमी झाला की ते ऐकू येतं. आणखी एक गंमत: पहिल्या अर्ध्या मिनिटातच जे मूल पाय आपटतं किंवा जमिनीवर पडतं, त्याचा थयथयाट लवकर संपण्याकडे कल असतो. तेव्हापासून नातीने फतकल मारली की मला हायसं वाटतं.

हे वाचल्यावर मी घरातल्या मोठ्यांकडे नीट बघू लागलो. मूल चिडलं की आपण बोलायला लागतो. "काय झालं? का रडतेस? सांगितल्याशिवाय कळणार कसं? शहाणी मुलगी ना तू? अशी रडतात का? बघ, सगळे हसतायत तुला." आमच्या हिचा विश्वास लक्ष दुसरीकडे वेधण्यावर. "ते बघ, काय उडालं!" नात डोळे मिटून किंचाळत असते, तिला हत्ती उडाला तरी दिसणार नाही. लेक समजावते, आणि कारणमीमांसेसकट समजावते. ते सगळं बरोबर असतं, पण घर पेटलेलं असताना विम्याची कलमं वाचून दाखवण्यासारखं असतं. स्वतःला आवरायचं काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे आहे, त्याची वाढ विशी ओलांडली तरी चालूच असते. सव्वातीन वर्षांच्या मुलीने तो भाग पाच मिनिटांसाठी आयता आणावा कुठून?

त्यामुळे त्या पाच मिनिटांत मी आता जवळजवळ काहीच करत नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. खाली, तिच्या उंचीला येऊन बसायचं. गुडघे कुरकुरतात, ते चालतं. बोलायचं नाही. हात उगारला गेला तर तो हवेतच हलकेच धरायचा आणि "मारायचं नाही" एवढंच म्हणायचं, तेही खालच्या आवाजात. ओरडायला मोकळीक आहे. ज्यासाठी ओरडणं चाललंय ती वस्तू मात्र ओरडण्याच्या बदल्यात मिळत नाही, नाहीतर पुढच्या वेळी भाव वाढतो. आणि कान आवाजाकडे ठेवायचे. किंचाळीची धार बोथट होऊन सूर लांबायला लागला, मधे हुंदका आला, की हात पसरायचे. त्याच्या आधी पसरले तर लाथ बसते आणि चष्मा जातो.

"आमच्या वेळी एक ठेवून दिली की सगळं गप्प व्हायचं," असं सांगणारे माझ्याच पिढीत पुष्कळ आहेत. गप्प व्हायचं, खरं आहे. मोठ्याला राग आला तर त्याने लहानाला मारायला हरकत नाही, हा धडाही त्याच फटक्यात मिळायचा. त्याच संध्याकाळी तो धाकट्या भावंडावर गिरवला जायचा.

राग बाहेर काढावा, आत साठवू नये, असंही एक मत आहे. जावयाने कुठेतरी वाचून एक लठ्ठ उशी आणली: राग आला की हिला बडव. नातीला उशी फार आवडली. थोड्याच दिवसांत ती राग नसतानाही उशी बडवायला लागली आणि बडवता बडवता राग आणायला लागली. ब्रॅड बुशमन यांनी कॉलेजच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याने डिवचलं त्याचा विचार करत काहींनी पंचिंग बॅगवर ठोसे मारले, आणि काही जण नुसते शांत बसून राहिले. ठोसे मारणारे शेवटी जास्त चिडलेले निघाले. प्रयोगातली मुलं मोठी होती, पण आमच्या उशीला ते तंतोतंत लागू पडलं. उशी आता टेकायला वापरतो आणि माझ्या पाठीला तिचा चांगला उपयोग होतो.

दीर्घ श्वासाचीही एक गंमत आहे. चिडलेल्या मुलाला "मोठ्ठा श्वास घे" म्हणावं, तर ते खरोखर मोठ्ठा श्वास घेतं, खांदे कानाला लावतं, आणि तो सगळा श्वास पुढच्या किंकाळीला वापरतं. शांत करतो तो सोडलेला श्वास, सावकाश सोडलेला. म्हणून आम्ही घेण्याचं नाव काढत नाही, फुंकरच घालतो. खिडकीच्या काचेजवळ तोंड नेऊन हळू 'हाऽऽ' करायचं, वाफ धरली की बोटाने त्यात दोन डोळे काढायचे, वाफ विरली की पुन्हा. हे सगळं ती खुशीत असताना खेळून झालेलं असावं लागतं. राग आल्यावर पहिल्यांदा शिकवायला गेलात तर तोंडावर थुंकी उडेल.

शिकवणं असं इतर वेळी, आडून आडून चालतं, आणि त्यात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते शब्द. अमेरिकेत पामेला कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० मुलांना दीड ते चार वर्षांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा पाहिलं. समोर भेटवस्तू, आई कामात, आणि ८ मिनिटं थांबायचं. ज्यांची भाषा आधीपासून चांगली होती, ती मुलं मोठी होईतो अशा थांबण्यात कमी चिडत होती. शब्द हाताशी असले की आईला विचारता येतं, स्वतःशी काही बोलत वेळ काढता येतो. लहान मुलाकडे 'राग' हा एकच डबा असतो आणि भूक, झोप, भीती, हेवा, हिरमोड सगळं त्यात कोंबलेलं असतं. आम्ही तो डबा हळूहळू रिकामा करतोय. चित्रातला ससा चिडलाय की घाबरलाय? हा हत्ती हिरमुसलाय का? आजी आत्ता रागावली आहे की दमली आहे? (या प्रश्नाचं उत्तर आजीसमोर देऊ नये.)

यातून नातीने स्वतःचं एक माप काढलं आहे. ती राग हातांनी दाखवते. अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर अंतर म्हणजे "थोडीशी चिडलेय". दोन तळव्यांत हातभर अंतर म्हणजे जपून. परवा दोन्ही हात ताणून पुरेनात म्हणून ती भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "एवढा." चालून येईपर्यंत त्यातला बराचसा ओसरला होता, पण ते मी बोललो नाही.

सगळंच असं गोड नसतं. थयथयाट नेहमीच २५ मिनिटांपेक्षा जास्त लांबत असेल, मूल स्वतःलाच चावत-ओरबाडत किंवा डोकं आपटत असेल, किंवा शाळेत जाण्याच्या वयातही रोज तेच चाललं असेल, तर घरचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. त्यात कमीपणा काही नाही.

सध्या दुपारी आमच्याकडे कापडी अस्वलाला राग येतो. कशाचा, ते रोज बदलतं. नात त्याला जमिनीवर उताणं पाडते, त्याचे पाय आपटते आणि त्याच्या वतीने ओरडते. मी पहिल्यांदा विचारलं, "का रे बाबा, काय झालं तुला?" तर तिने तोंडावर बोट ठेवलं. "आबा, बोलू नको. तो चिडलाय. तू नुसता बस." मी बसलो. थोड्या वेळाने मी हात पुढे केला, तर म्हणाली, "अजून नाही." जेवण थंड झालं, आजीने दोनदा हाक मारली, माझ्या पायाला मुंग्या आल्या. पाच मिनिटांचा नियम अस्वलांना लागू नसावा.