बाई, तुमची सर्दी जात का नाही?

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी मी एकवीस वर्षं बसतेय. इतक्या वर्षांत सभासदांनी मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न पुस्तकांबद्दलचा नाही. 'बाई, तुमची सर्दी अजून गेली नाही?' हा आहे. विचारणारा उत्तराची वाट न बघता उपायही सांगून टाकतो. दही सोडा. केळं सोडा. केस ओले ठेवू नका. ओव्याची पुरचुंडी हुंगा. तुम्ही परवा पुन्हा विचारलंत, आणि मागे रांग नव्हती, म्हणून यावेळी नीट सांगते.

दही मी अकरा वर्षं सोडलं होतं. नाक अकरा वर्षं वाहतच होतं. घोळ मुळात शब्दात आहे, असं आता मला वाटतं. 'सर्दी' हा फारसीतून आलेला शब्द, सर्द म्हणजे थंड. एकदा सर्दी म्हटलं की माणूस थंड काय खाल्लं ते आठवायला लागतो. विषाणूंमुळे होणारं खरं पडसं आठ-दहा दिवसांत आवरतं, आणि मोठ्या माणसाला ते वर्षातून दोन-तीनदा होतं. बारा महिने वाहणाऱ्या नाकालाही आपण तेच नाव देतो. आमच्याकडे 'संकीर्ण' नावाचं एक कपाट आहे. ज्या पुस्तकाचं वर्गीकरण करायचा कंटाळा आला ते तिथे. सर्दी हे तसलं कपाट आहे.

माझ्या बाबतीत ते कपाट एका पावसाळ्यात उघडलं. एक निवृत्त गुरुजी पुस्तक बदलायला आले होते. मी मान खाली घालून नोंद करत होते आणि नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब टपकन त्यांच्या नावावर पडला. निळी शाई पसरली. गुरुजींनी खिशातून घडीचा रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला आणि सौजन्याने खिडकीबाहेर बघत राहिले. त्या आठवड्यात मी साताऱ्यातल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी दह्याचं नावही काढलं नाही. विचारलं ते असं: दिवसाच्या कोणत्या वेळी वाहतं? कुठे असताना? दोन्ही नाकपुड्यांतून की एकीतूनच? शिंका येतात का, टाळूला खाज सुटते का? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. मग म्हणाले, महिनाभर लिहून आणा. नोंदी ठेवणं हेच माझं काम. एक कोरी दाखल नोंदवही घेतली आणि रकाने आखले. तिच्यातल्या ओळी अशा होत्या: 'पहाटे 5.10, अंथरुणात, 14 शिंका, टाळूला खाज.' 'दुपारी 3.30, जुन्या मासिकांचं कपाट, शिंका, डोळे लाल.' 'रविवार 1.15, शेजारी मिरच्या भाजत होते, शिंक एकही नाही, नुसतं पाणी.' 'सकाळी 7, गार वारा, स्टँडपर्यंत पाणी, मग बंद.' 'रात्री 10, चोंदलं, थेंब घातले.'

नोंदवही बघून डॉक्टर हसले. म्हणाले, हा एक आजार नाही, तीन आहेत.

पहिल्या दोन नोंदी ॲलर्जीच्या. खात्री करायला त्यांनी हातावर चाचणी केली. आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद करायच्या, नाहीतर चाचणी फसते. कोपराखाली आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी वेगवेगळ्या अर्काचा थेंब ठेवला आणि त्या थेंबातून कातडीला बारीक टोचलं. पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही, ही खरी शिक्षा. माझ्या हातावर एका आकड्याजवळ डास चावल्यासारखी मोठी गांधी उठली. ते होते घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे. एखादा मिलिमीटरच्या पावभागाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो आणि दमट हवेत फोफावतो. त्याला गादी, उशी आणि गोधडी याहून चांगलं घर नाही. नाक बिघडवते ती मुख्यतः त्याची विष्ठा. शरीराला ती शत्रू वाटते, नाकाच्या अस्तरातल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, आणि मग शिंका, खाज, पाणी. पहाटे पाचचं गणित तिथे सुटलं. रात्रभर मी त्यांच्यातच नाक खुपसून झोपत होते.

माझ्या अंगावर आईच्या लुगड्यांची गोधडी असायची. ती टाकून द्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत, साठ अंशांच्या पाण्यात दर आठवड्याला धुवा म्हणाले. ते जुनं सुती कापड तेवढं सोसणार नव्हतं. आता ती कपाटात असते, पिशवीत बंद. गादी-उशीला घट्ट विणीची अभ्रेवजा खोळ घातली, आणि खोलीतला गालिचा पुतणीला दिला. (तिला शिंका येत नाहीत. विचारून दिला.)

दुसरी लहान गांधी बुरशीची होती, म्हणजे मासिकांचं कपाट. तिसरी गाजरगवताची. आमच्या वाचनालयामागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पावसाळ्यानंतर ते कमरेएवढं वाढतं. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची नोंद झाली ती आपल्या पुण्यात, 1950च्या दशकाच्या मध्यावर. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात, आणि काँग्रेस गवत हे नाव कसं पडलं यावर आमच्या वाचनकक्षात अजून भांडणं होतात. कुणाचं नाक वाहतं, कुणाच्या हातावर पुरळ उठतं. फुलावर येण्याआधी उपटायचं असतं. नगरपालिकेला आम्ही ते दरवर्षी फुलावर आल्यावर कळवतो.

ॲलर्जीसाठी त्यांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. तो मारायची रीत कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, आणि टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला. जोरात ओढलं की औषध घशात जातं. आणि दोन दिवसांत गुण येत नाही, रोज मारत राहिल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो. मी आधी एकदा चार दिवसांत सोडून दिला होता आणि 'काही उपयोग नाही' असं गावभर सांगितलं होतं.

आता मिरच्या. त्या ॲलर्जी नव्हेत. नाकाच्या अस्तरात तिखट, धूर, उग्र वास, गार वारा ओळखणाऱ्या नसा असतात. काही जणांत त्या इतक्या हळव्या असतात की जराशा चाहुलीने ग्रंथींना पाणी सोडायचा हुकूम देतात. खाज नाही, शिंका फारशा नाहीत, नुसती धार. माझे वडील सत्तरीनंतर गरम आमटीचा पहिला भुरका मारला की लगेच पंचा शोधायचे. आई म्हणायची, तिखट कमी घालते. पण गरम दूधभातानेही तेच व्हायचं. वय झालं की हे वाढतं. त्यात ॲलर्जीची गोळी फार उपयोगाची नसते, कारण इथे हिस्टामिनचा खेळच नाही. पाणी सुकवणारा वेगळा फवारा मिळतो, तो डॉक्टरांनी द्यावा. वडिलांना तो कधी मिळाला नाही, कारण आम्ही त्याला सर्दीच म्हणत राहिलो. गार वाऱ्यात नाक गळणं मात्र थोडंफार सगळ्यांचंच. डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे फिरणाऱ्यांची नाकं बघा.

तिसरा आजार मी स्वतः विकत घेतलेला, चोंदलेलं नाक पाच मिनिटांत मोकळं करणाऱ्या थेंबांच्या बाटलीतून. एक पर्समध्ये, एक उशाखाली, एक टेबलाच्या खणात. ते थेंब तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे औषधाचा असर उतरला की नाकातल्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, नाक चोंदतं, आणि आपण पुन्हा बाटली उघडतो. मी दोन वर्षं उघडत होते. सोडताना आधी उजवी नाकपुडी सोडली आणि डावीवर भागवलं, मग डावी. त्या पहिल्या सहा रात्री तोंडाने श्वास घेत बसून काढल्या. तंबाखू सोडणाऱ्यांना मी तेव्हापासून हसत नाही.

बाकी कारणं पुष्कळ आहेत. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या, गरोदरपण, मंदावलेली थायरॉइड, नाकात वाढलेले मांसाचे कोंब, तीन-तीन महिने रेंगाळणारं सायनसचं दुखणं, लहान मुलांच्या नाकामागे वाढलेल्या गाठी. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक लागतं असंही नाही. तो रंग बव्हंशी आपल्याच पांढऱ्या पेशींचा. पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं येत असेल, तर आत चिंचोका किंवा मणी असू शकतो. घड्याळाचा सेल असेल तर तासांत आतलं मांस जळतं, तेव्हा घरी चिमटे घालत बसू नका.

एकाच नाकपुडीवरून आत्या आठवते. तिच्यामुळे तर मी सगळ्यांना 'एकीतून की दोन्हींतून?' हा प्रश्न विचारते. तिला वर्षभर 'सर्दी' होती. शिंक नाही, खाज नाही, वास नाही, फक्त डावीकडून पाण्यासारखं स्वच्छ थेंब थेंब, तेही वाकली की. दिवाळीत ती अंगणात रांगोळी काढत होती आणि मी समोर बसून रंग भरत होते. थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाने पांढऱ्या रेषेत एक गोल खड्डा पडत होता. ती म्हणाली, 'बघ गं, खारट लागतं घशात.' मी माझी नोंदवही आठवली आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला पुढे वाकायला लावून थेंब एका बाटलीत धरले. ते मेंदूभोवतालचं पाणी निघालं. नाकाच्या छताचं हाड पातळ होऊन तिथे बारीक भोक पडलं होतं. पाणी ज्या वाटेने खाली येतं, त्याच वाटेने जंतू वर जाऊन मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. दुर्बिणीने नाकातूनच शस्त्रक्रिया झाली, मांडीतला छोटा तुकडा घेऊन भोक बुजवलं. बाहेरून टाका फक्त मांडीला. आत्या अजून सांगते, 'नाकाला ठिगळ लावलंय माझ्या.'

तर माझी 'सर्दी' गेलेली नाही. पावसाळ्यात आणि गाजरगवताच्या दिवसांत ती येते, रुमाल खणात असतो, दही मी रोज खाते.

गेल्या आठवड्यात कॉलेजातला एक मुलगा नाक ओढत आला. मी वेळ, जागा आणि नाकपुडी विचारली. तो म्हणाला, 'असं कधी बघितलंच नाही.' बुधवारी त्याने परत केलेल्या पुस्तकात एक चिठ्ठी सापडली: 'पहाटे पाच. दोन्हीकडून. खाज येते. मांजर माझ्या उशीवर झोपते. तिला हलवणार नाही, दुसरं काहीतरी सांगा.'