जुन्या नाशिकचा वाडा कुठून खचतो

जुलै लागला की जुन्या नाशकात कुठेतरी वाड्याची भिंत पडते. दुसऱ्या दिवशी बातमी ठरलेली: मुसळधार पावसाने जीर्ण वाडा कोसळला. पाऊस निमित्ताचा धनी. ती भिंत आधी कित्येक वर्षं आतून भिजत आलेली असते, आणि पाण्याला वाट बहुतेक वेळा कुणीतरी दुरुस्तीच्या नावाखाली करून दिलेली असते.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. जुनं गाव टेकांवर वसलंय: जुनी गढी, पठाणपुरा, डिंगरअळी, म्हसरूळ टेक, चित्रघंटा. वस्तीही तशीच खणाखणांनी बसली. काझीपुरा, कोकणीपुरा, बोहोरपट्टी, तांबट आळी, सराफ बाजार, दूध बाजार. एका हाकेच्या अंतरात बडी दर्गा, भद्रकाली आणि गोदाघाट. मोगलांनी गावाचं नाव गुलशनाबाद केलं, पेशवाईत पुन्हा नाशिक झालं, 1818 साली इंग्रज आले. या सरमिसळीचा एकच नमुना बघायचा तर नारोशंकराच्या देवळाची घंटा बघा. देऊळ 1747 चं, घंटा पोर्तुगीज, आणि ती आली वसईहून, मराठ्यांच्या 1739 च्या विजयानंतर. पुराचं पाणी किती चढलं हे मात्र गाव आजही गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतं: गुडघ्याला, कमरेला, छातीला.

1950-51 साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी जुन्या गढीवर, म्हणजे आजच्या काझी गढीवर, उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मराठेशाहीपर्यंत वस्तीचे थर निघाले. इतिहासाला ते भूषण असेल, पाया घालणाऱ्याला डोकेदुखी. कारण तिथे जोत्याखाली (घराच्या चौथऱ्याखाली) मुरूम नाही. राख, खापऱ्या आणि पांढरी माती यांची भर आहे. कोरडी असते तोवर ती भार पेलते, पाणी मुरलं की बसते. काझी गढीचा नदीकडचा कडा पावसाळ्यात ढासळतो तो याच मातीमुळे. दहीपूल-सराफ बाजाराकडची गोष्ट वेगळी. तिथे सरस्वती नाला रस्त्याखालून जातो. गोदावरी चढली की त्याचं पाणी पुढे सरत नाही, तुंबतं आणि दुकानांत शिरतं.

आता वाडा. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटा किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. पण वरच्या मजल्यांचा मोठा भार भिंतीवर नसतोच. तो सागवानी खांब, तुळया आणि कडीपाटावर (लाकडी कड्या-फळ्यांच्या तक्तपोशीवर) असतो. म्हणजे भिंत फुगली तरी वाडा उभा राहतो, आणि भिंत ठणठणीत दिसत असताना तुळईचं टोक कुजलं तर दोन खांबांमधला एक सबंध खण खाली येतो. पाहणी करणारे बरेच जण भिंतीच्या भेगा मोजतात आणि तुळईच्या टोकांकडे बघतही नाहीत. हे उलटं आहे.

पाण्याची पहिली वाट रस्त्याकडून येते. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवत गेलं की रस्ता वाढतो आणि जोतं बुडतं. एकेकाळी दोन-तीन पायऱ्या चढून देवडीत जायचं, तिथे आता पायरी उतरून जावं लागतं. दगड फारसं पाणी ओढत नाही, म्हणून जोतं दगडाचं ठेवलेलं. रस्ता जोत्याच्या वर गेला की ओल थेट विटेला लागते. रस्ता खाली नेणं तुमच्या हातात नाही. भिंतीलगत वीतभर रुंद चर काढून खडी भरणं, तिला उतार देऊन गटाराला जोडणं, एवढं मात्र करता येतं. चौकातली मोरी तुंबू न देणं हे त्याहून स्वस्त. चौकात सबंध वाड्याच्या पागोळ्या पडतात. तिथे फरशी बसवताना उतार चुकला की पाणी खांबाच्या तळखड्याशी, म्हणजे बुडाच्या दगडाशी, साचतं.

दुसरी वाट सिमेंटची. ओल दिसली की लोक चुन्याचा गिलावा पाडून सिमेंटचा करतात. वर्ष-दोन वर्षं भिंत सुंदर दिसते. जुनी भिंत श्वास घेते असं गवंडी म्हणतात ते खरं आहे: खालून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर उडून जाते. सिमेंट तिला अडवतं. ओल मग आणखी वर चढते आणि आत क्षार साठवते. क्षारांचे खडे वाढताना वीट आतून फुटते. गिलाव्यावर बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो, काढला तर मागे विटेचा भुगा निघतो. त्यावर ऑइल पेंट मारणं म्हणजे दुखण्यावर झाकण.

चुन्याचं काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. खरी अडचण ती आहे. कळीचा चुना पाण्यात विझवून किमान पंधरा दिवस पाण्याखालीच ठेवायचा. घाई केली तर न विझलेले खडे भिंतीवर गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. मिश्रणासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची पूड), एक ते दोन भाग वाळू. सुरखी नीट भाजलेल्या विटेचीच हवी. कच्च्या विटेच्या भुग्याचा नुसता चिखल होतो. चुना मळायच्या घाण्यात किंवा मिक्सरात चांगलं मळून घ्यायचं. गूळ, बेलफळ, मेथी यांचं पाणी घालतात, पण जपून. गूळ जास्त झाला तर मुंग्या येतात. थर एकावेळी 10-12 मिलिमीटरच्या वर नको, आणि मारण्याआधी भिंत भिजवून घ्यायची. नंतर दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट. मे महिन्याच्या नाशिकच्या उन्हात हे जमत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

तुळईचं टोक तपासायला पेचकस पुरतो. भिंतीत शिरते तिथे टोचा. चांगला साग दाद देत नाही. पेचकस इंचभर सहज गेला तर आत पोकळ आहे. अख्खी तुळई बदलायची गरज बहुधा नसते. कुजका भाग कापून चांगल्या लाकडापर्यंत यायचं, तिरपा सांधा देऊन जुन्याच सागाचा तुकडा जोडायचा, बोल्टांनी आवळायचा. भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती बोटभर मोकळी हवा ठेवायची. ती जागा सिमेंटने लिंपली की नवं टोकही त्याच वाटेने जातं. या कामातली सर्वांत मोठी चूक टेकू देण्यात होते. वरच्या मजल्याला टेकू लावतात आणि तो खालच्या कडीपाटावर उभा करतात. भार जमिनीपर्यंत गेला पाहिजे, म्हणून टेकू सर्वांत खालच्या मजल्यापासून एकाखाली एक हवेत.

हे सगळं माहीत असूनही होत नाही, त्याचं कारण भाडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 14: दुरुस्ती घरमालकाने करायची. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडं महिना 50 रुपये असेल तर वर्षाचे 600, चौथा हिस्सा 150 रुपये. दीडशे रुपयांत चुन्याची एक गोणी तरी येते का बघा. मालकाला वाडा पडला तर हवाच असतो, भाडेकरूला ताबा सोडायचा नसतो, आणि मधल्या मध्ये कौलं कुणीच फिरवत नाही.

महापालिकेची नोटीस आली तर आधी वर्ग वाचा. सी-1 म्हणजे रिकामा करून पाडायचा, सी-2ए म्हणजे रिकामा करून दुरुस्त करायचा, सी-2बी म्हणजे राहता राहता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ काम. सी-1 असेल तर तिथे राहू नका. वारशाचा वाद बाहेर राहूनही घालता येतो. वर्ग चुकला असं वाटलं तर लाकडी बांधकाम कळणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. फक्त आरसीसी करणाऱ्याला कडीपाट दिसला की पहिला शब्द 'पाडा' हाच सुचतो.

आणि नुसती भेग असेल तर घाबरण्याआधी ती चालू आहे की जुनी, हे बघा. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. भिंत हलली तर काच तडकते. पट्टी पावसाआधी लावा, आणि शेजारी भिंतीवर तारीख लिहा. तारीख नसेल तर दिवाळीत तडकलेली काच बघून ती यंदाची की गेल्या सालची, यावरच घरात भांडण होतं.