सगळं एकाच कंपनीचं घेतलं, तरी बॉनेटवर पाणी पसरलंच

तक्रारीच्या फॉर्ममध्ये सातवा प्रश्न होता : ‘गेल्या ६ महिन्यांत गाडीच्या रंगावर इतर कंपनीचे उत्पादन वापरले आहे का? होय / नाही.’ मी खरं उत्तर दिलं आणि तिथेच माती खाल्ली.

वास्तविक माझ्याइतका एकनिष्ठ गिऱ्हाईक त्या कंपनीला दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. माझी गाडी काळी. काळ्या रंगाचं दुखणं काळी गाडी असणाऱ्यालाच कळतं. सावलीत आरसा आणि उन्हात कोळ्याचं जाळं. ते बारीक गोल ओरखडे घालवायचे आणि वर सिरॅमिक स्प्रे कोटिंगचा थर द्यायचा, म्हणजे पाणी रंगाला न चिकटता थेंब होऊन घसरून जातं, एवढाच माझा बेत होता. व्हिडिओ बघायला बसलो तर एक म्हणतो शाम्पू याचा घ्या, दुसरा म्हणतो क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा) त्याचा घ्या, तिसरा दोघांनाही वेड्यात काढतो. चार दिवसांत डोकं भणाणलं. शेवटी एकाच कंपनीचं अख्खं किट उचललं. म्हटलं, एकाच घरची माणसं आहेत, आपसात भांडणार तरी नाहीत. शाम्पू, टार रिमूव्हर, आयर्न रिमूव्हर, क्ले, पॉलिश, कोटिंग, सगळ्यांवर एकच शिक्का. कपाटात ओळीने बाटल्या लावल्या तेव्हा बायको म्हणाली, “दुकान टाकतोयस का?”

धुणं, डांबराचे ठिपके काढणं, क्ले फिरवणं हे सगळं सुरळीत झालं. आयर्न रिमूव्हर मारल्यावर ब्रेकच्या लोखंडी कणांवर जांभळे ओघळ येतात, ते बघायला मजा वाटते. वास मात्र कुजक्या अंड्यासारखा. तो वाळू द्यायचा नाही आणि उन्हात तर मारायचाच नाही, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

बॉनेटवर मात्र पक्ष्यांच्या विष्ठेचे जुने डाग होते, रंगात चरलेले. त्यावर पॉलिशचं मशीन दीड तास फिरवलं. किटमधल्या माहितीपत्रकात पायरी ४ म्हणजे पॉलिश आणि पायरी ५ म्हणजे कोटिंग. मध्ये काहीही नाही. मी पत्रकाबरहुकूम मऊ कपड्याने पॉलिश पुसलं, कोटिंग मारलं आणि चोवीस तास गाडीला पाणी लागू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाइप धरला तर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे टणाटण उड्या मारत खाली. फोटो काढले, चार जणांना पाठवले. आता ते आठवलं की लाज वाटते.

तीन आठवडे सुखाचे गेले. मग एका सकाळी पाऊस पडून गेल्यावर बघतो तर टपावरचे थेंब आळसावलेले, चपटे. आणि बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला, परातीएवढ्या जागेत थेंबच नाहीत. पाणी तिथे ओल्या कागदासारखं चिकटून बसलेलं. त्या जागेच्या कडेवर बोट टेकवलं. बोटाच्या एका बाजूला थेंब होते, दुसऱ्या बाजूला सपाट पाणी. कोणीतरी खडूने रेघ ओढून हद्द आखावी तशी ती कड होती.

आणि इथून पुढे माझे पाच आठवडे गेले.

पहिला मेल पाठवला तर उत्तरादाखल फॉर्म आला. त्यात खरेदीची पावती हवी, वेगवेगळ्या उजेडातले फोटो हवेत आणि प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर हवा. पावती होती, फोटोही काढले. बॅच नंबर बाटल्यांच्या बुडाशी फिकट शाईत छापलेला. एकेक बाटली उलटी धरून, मोबाइलचा टॉर्च मारून पाच नंबर उतरवले. सहावी बाटली टार रिमूव्हरची. तिच्या बुडाशी नुसता निळसर धुरळा. बाटली थोडी गळली होती आणि त्यांच्याच द्रावणाने त्यांचाच नंबर विरघळवून टाकला होता! औषध अस्सल आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण फॉर्ममधली ती चौकट रिकामी ठेवली तर ‘पाठवा’चं बटण दबेना. शेवटी त्यात ‘पुसला गेला’ असं लिहिलं.

मग तो सातवा प्रश्न. माझ्याकडे काच पुसायचा स्प्रे दुसऱ्या कंपनीचा होता आणि गाडी कोरडी करायचा मोठा टॉवेल तिसऱ्याच कंपनीचा, कारण किटमधला टॉवेल रुमालाएवढा होता. काच म्हणजे रंग नव्हे आणि टॉवेल म्हणजे उत्पादन तरी म्हणावं का, यावर मी बराच वेळ स्वतःशीच वाद घातला. शेवटी प्रामाणिकपणाचा झटका आला आणि ‘होय’वर खूण केली. तपशीलही दिला.

सतरा दिवस काही नाही. मध्ये दोनदा आठवण केली, तर दोन्ही वेळा मशिनी उत्तर : ‘आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ अठराव्या दिवशी तीन ओळींचा मेल आला. मिश्र वापर आढळल्यामुळे कोटिंगच्या टिकाऊपणाची हमी लागू होत नाही. टॉवेलपायी! मी तो मेल बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, “मग पुन्हा मार की कोटिंग, बाटलीत उरलंय ना?”

तेवढंच करायची हिंमत होत नव्हती. पुन्हा कोटिंग मारायचं तर पुन्हा पॉलिश करावं लागणार, अशी माझी समजूत. आणि पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर थोडा थोडा घासून काढणं. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. त्या जागी मी आधीच दीड तास काढला होता. गेलेला थर काही परत उगवत नाही.

मग मीही हट्टाला पेटलो. रोज एक मेल. पंचविसाव्या दिवशी, मला वाटतं कटकट मिटवायला म्हणून, त्यांच्या तांत्रिक विभागातल्या एका माणसाचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटला. बोलणं एवढंच झालं :

“सर, पॉलिशनंतर कशाने पुसलंत?”

“तुमच्याच किटमधल्या कपड्याने.”

“तसं नाही, तेल काढायला काय वापरलंत?”

“तेल? कसलं तेल?”

तो दोन क्षण गप्प. मग म्हणाला, “आणि शाम्पू कुठला? किटमधला? तो वॉश अँड वॅक्स आहे सर.”

इतक्या दिवसांत फॉर्मने जे विचारलं नव्हतं ते त्याने दोन मिनिटांत विचारलं. त्याने सांगितलेलं असं. पॉलिशमध्ये मशीन घसरत राहावं म्हणून तेलकट वंगण असतं. ते रंगावर उरतं, बारीक ओरखड्यांत भरून बसतं आणि गाडी आहे त्याहून गुळगुळीत दिसते. कोटिंगला धरायला उघडा, कोरडा क्लिअर कोट लागतो. तेलावर मारलं तर ते तेलालाच धरतं आणि तेलाबरोबरच निघून जातं. म्हणून मध्ये पॅनेल वाइप, म्हणजे तेल काढणारं अल्कोहोलवालं द्रावण, मारायचं. त्यांची कंपनी ते बनवते. किटमध्ये मात्र घालत नाही, वेगळं विकत घ्यावं लागतं. हे ऐकून मी काय म्हणालो ते लिहीत नाही. त्या पोराचा काही दोष नव्हता.

शाम्पूची भानगड वेगळी. वॅक्सवाला शाम्पू दर धुण्याला मेणासारखा पातळ पापुद्रा मागे ठेवतो. साध्या रंगावर ते वरदान. कोटिंगवर मात्र तो बुरख्यासारखा बसतो. कोटिंग खाली शाबूत असतं, पण पाणी भेटतं ते बुरख्याला. टपावरचे थेंब आळसावले होते ते त्यामुळे.

आता विश्वास कोणावर ठेवायचा? कोणावरच नाही ठेवला. मास्किंग टेप घेतली आणि त्या मेलेल्या जागेवर चार चौकोन आखले. पहिला चौकोन अल्कलीवाल्या कडक शाम्पूने धुतला, शाम्पू दुसऱ्या कंपनीचा. दुसऱ्यावर पाण्याच्या क्षारांचे डाग काढायचं सौम्य आम्ल वापरलं, कारण जड पाण्याचे क्षार साचूनही कोटिंग असंच गुदमरतं. तिसरा चौकोन तिसऱ्याच कंपनीच्या पॅनेल वाइपने पुसून वर किटमधलंच कोटिंग मारलं. चौथ्यावर तेच वाइप, पण कोटिंग भलत्याच कंपनीचं. पॉलिश कुठेच केलं नाही. बाकीची गाडीही त्याच कडक शाम्पूने धुऊन घेतली.

टप, दरवाजे, डिकी एका धुण्यात ताजेतवाने झाले. थेंब पुन्हा उभे राहिले. म्हणजे तिथे कोटिंग होतं, बुरख्याखाली दडलेलं. बॉनेटवर पहिला आणि दुसरा चौकोन ढिम्म. तिथे खाली काही नव्हतंच. तिसरा आणि चौथा, दोन्ही टकाटक. आठ आठवडे मी ते चौकोन दर रविवारी बघत होतो. दोघांत तिळमात्र फरक दिसला नाही. घरचं कोटिंग आणि परकं कोटिंग, दोन्ही सारखीच टिकली. राहिला होता तो मधल्या वाइपचा टप्पा, आणि तो माझ्या एकनिष्ठपणाने गाळला होता. किटमध्ये नाही म्हणजे लागत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

कंपन्यांवर राग आहे, पण सरसकट नाही. मेग्वायर्सची सुरुवात १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशने झाली. मेन्झेर्ना १८८८ पासूनची, पॉलिशिंगच्या पेस्टमध्ये मुरलेली. टर्टल वॅक्सचं नाव सांगतं की ते मेणवाले. प्रत्येकाचा हात कुठेतरी एका गोष्टीवर बसलेला असतो. बाकीच्या बाटल्या पुष्कळदा ओळ पुरी करायला येतात. तेव्हा सगळं एकाकडेच उत्तम असेल ही अपेक्षा मुळात माझीच भाबडी.

आता मी बघतो ते एवढंच, की एक बाटली दुसऱ्या बाटलीवर बसणार आहे का. शाम्पू (मेणवाला सोडून), आयर्न रिमूव्हर, टार रिमूव्हर, चाकांचा क्लीनर ही धुऊन निघून जाणारी पात्रं. कोणाचीही घ्या, फक्त एक पूर्ण धुऊन काढल्याशिवाय दुसरं मारू नका. पॉलिश, वाइप आणि कोटिंग या तिघांत मात्र आधी नीट वाचा, कोण कोणावर बसतं ते. कोटिंगवर किंवा सीलंटवर (रंग झाकणारा कृत्रिम थर) कार्नोबा हे वनस्पतीचं मेण चालतं. मेणावर कोटिंग नाही चालत. ही उतरंड उलटी केली की कुठल्याही कंपनीचं नाव तुम्हाला वाचवत नाही. मशीनला लावायचं पॅड एकाचं आणि कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, दुसऱ्याचं चालतं, पण आधी फूटभर जागेवर करून उन्हात बघा.

आणि बाटल्या बाहेर कितीही मिसळा, बाटलीच्या आत कधी नाही. उरलेलं दोन घोट द्रावण दुसऱ्यात ओतून बाटली रिकामी करायचा मोह होतो. चाकांच्या क्लीनरमध्ये आम्ल असेल आणि दुसऱ्यात ब्लीच असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. थेट छातीवर येतो तो.

हमीचा फॉर्म भरायची वेळ आलीच, तर बाटली घरी आणल्या दिवशीच बुडाचा फोटो काढून ठेवा. टार रिमूव्हरचा तर आधी.

त्या पॅनेल वाइपचंही सांगतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते मारलं की पुसायच्या आत उडून जातं आणि तेल तिथेच राहतं. एकेका पॅनेलला दोन वेगळे कपडे घ्या, एक ओलं पुसायला आणि एक कोरडं. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको. धागे बुळबुळीत होतात, पाणी शोषत नाहीत. कोटिंग पुसलेला कपडा मात्र धुऊन पुन्हा रंगावर आणू नका. ते त्याच्यावर वाळून कडक होतं आणि मग तोच कपडा ओरखडे काढतो. मी असे दोन कपडे आता सायलेन्सरचं टोक पुसायला ठेवलेत.

हमी शेवटपर्यंत मिळाली नाही. तक्रार ‘निकाली’ निघाल्याचा मेल मात्र आला, सोबत समाधानाचे तारे द्या म्हणून विनंती. त्या फोनवरच्या पोराला पाच दिले असते, पण तारे फॉर्मला द्यायचे होते.

वॉश अँड वॅक्सची अर्धी बाटली अजून उरली आहे. ती मी माझ्या जुन्या सायकलसाठी वापरतो. तिच्यावर कोटिंग-बिटिंग काही नाही. परवा पावसात बाहेर राहिली होती, तर नळीवर थेंब काय सुरेख उभे होते.